सरकारी तिजोरी आणि गरिबांची पेटी

सन २०२१ च्या अखेरीस, महामारीची दुसरी लाट ओसरल्यानंतर, एक विधवा भगिनी आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयात एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. पिशवीत तिच्या दिवंगत पतीची कागदपत्रे होती: तपासणीचा अहवाल, रुग्णालयाचे बिल, मृत्यूचा दाखला, रेशनकार्डाची छायाप्रत. कोविडने दगावलेल्या व्यक्तीच्या कुटुंबाला सरकारने ५०,००० रुपये द्यावेत, हे सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मान्य केले होते. ही बातमी तिच्या कानावर आली होती, परंतु पैसे कोठे मागावयाचे, कोणाकडे, कोणत्या कागदावर, हे तिला कोणी सांगितले नव्हते. ज्या रुग्णालयात पती वारले तेथील दाखल्यावर मृत्यूचे कारण हृदयविकार असे लिहिले होते. तपासणीनंतर तीस दिवसांच्या आत मृत्यू झाला असेल तर तो कोविडचाच मृत्यू धरला जावा, असा नियम होता आणि दाखल्याबद्दल तक्रार ऐकण्यासाठी जिल्हा पातळीवर समितीही होती. पण तो नियम ठाऊक असावयास हवा ना! आम्ही व आमच्या कार्यालयातील लेखनिकाने मिळून दोन दुपारी त्या अर्जात घातल्या.

त्याच आठवड्यात संत विन्सेंट डी पॉल सोसायटीची बैठक होती. आम्ही सुचविले की, अशी कुटुंबे धर्मग्रामात आणखीही असतील, तर सोसायटीने घरोघर जाऊन त्यांचे अर्ज भरून द्यावेत. सोसायटीचे अध्यक्ष हे निवृत्त शिक्षक. सारा गाव त्यांना मास्तर म्हणतो. चाळीस वर्षे दर रविवारी मिस्सेनंतर ते कोणा ना कोणा गरिबाच्या घराची पायरी चढत आले आहेत. ते शांतपणे म्हणाले, ''फादर, आपण आजवर पाकीट दिलं, ते कुणाला दिलं हे उजव्या हाताचं डाव्याला कळू दिलं नाही. आता सरकारी फॉर्म आला की नाव आलं, आधार नंबर आला, सही आली. ते काम तलाठ्याचं. आपलं नव्हे.'' बैठकीतील एका तरुण सभासदाने उसळून विचारले, ''मास्तर, आपल्या पाकिटात पन्नास हजार कधी मावतील?''

दोघांचेही म्हणणे आम्हांला खरे वाटले. आमची त्या वेळी झाली ती पंचाईत नवीन मात्र नव्हती. सुमारे नव्वद वर्षांपूर्वी हाच वाद, हाच प्रश्न घेऊन अमेरिकेतील कॅथॉलिक ख्रिस्तसभा सरकारसमोर उभी होती. सेमिनरीत सामाजिक शिकवणुकीच्या तासाला त्याचा ओझरता उल्लेख आम्ही ऐकला होता. या निमित्ताने तो इतिहास आम्ही पुन्हा वाचून काढला. तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटले.

१९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि महामंदीला तोंड फुटले. १९३३ पर्यंत त्या देशातील दर चार कामकऱ्यांपैकी एक बेकार झाला होता. सुमारे एक कोटी तीस लाख माणसे. बेकाराला पोसावयाचे कोणी? तेथील जुनी समजूत अशी की, ते काम शेजाऱ्याचे, चर्चचे, धर्मादाय संस्थेचे आणि फार तर गावच्या पालिकेचे. राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर या समजुतीला घट्ट धरून होते. ते कठोर मनाचे होते असे कोणी म्हणू नये. पहिल्या महायुद्धात उपाशी बेल्जियमला अन्न पोहोचविण्याची प्रचंड व्यवस्था याच माणसाने उभी केली होती. परंतु वॉशिंग्टनच्या तिजोरीतून थेट गरिबाच्या हातात पैसा गेला तर माणसाचा स्वाभिमान आणि शेजारधर्म दोन्ही मरतील, अशी त्यांची श्रद्धा होती. मास्तरांना हूवर आवडले असते, असे आम्हांला राहून राहून वाटते.

अडचण अशी झाली की, शेजाऱ्याचाच खिसा रिकामा होता. धर्मादाय संस्थांकडे येणाऱ्या देणग्या आटल्या आणि मागणाऱ्यांच्या रांगा वाढत गेल्या. पिट्सबर्ग येथील सेंट पॅट्रिक चर्चचे धर्मगुरू फादर जेम्स कॉक्स हे रोज भुकेल्यांना जेवू घालीत. त्यांच्या चर्चजवळच बेघरांनी पत्र्याफळ्यांची झोपडवस्ती उभारली होती. पेटीतील पैशाने ही भूक भागणार नाही हे त्यांनी ओळखले आणि जानेवारी १९३२ मध्ये हजारो बेकारांचा तांडा घेऊन ते वॉशिंग्टनला गेले. लोक ट्रकांतून, जुन्या मोटारींतून, काही पायी, ऐन हिवाळ्यात निघाले होते. हूवर यांनी फादर कॉक्स यांची भेट घेतली, म्हणणे ऐकून घेतले. हाती तत्काळ काही लागले नाही. त्याच वर्षी फादर कॉक्स बेकारांच्या पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे राहिले आणि पुढे माघार घेऊन त्यांनी रूझवेल्ट यांना पाठिंबा दिला. धर्मगुरूने निवडणुकीच्या आखाड्यात उतरावे काय, याबद्दल आमचे मत प्रतिकूल आहे. पण स्वयंपाकघरातील पातेल्याचा तळ दिसू लागला की धर्मगुरू काय काय करू लागतो, हे ज्याने ते पातेले ढवळले आहे त्यालाच कळावे.

१९३२ च्या जुलैमध्ये हूवर यांनी एक पाऊल मागे घेतले. बेकारांच्या मदतीसाठी घटक राज्यांना ३० कोटी डॉलर द्यावयाचे ठरले, मात्र कर्जाऊ आणि तीन टक्के व्याजाने. नोव्हेंबरात त्यांचा पराभव झाला.

रूझवेल्ट यांनी प्रचारातच एक वेगळा सूर लावला होता. ऑक्टोबर १९३२ मध्ये डेट्रॉईटच्या भाषणात त्यांनी पोप पायस अकरावे यांच्या 'क्वाद्राजेसिमो आन्नो' या परिपत्रकाचा दाखला दिला. हे परिपत्रक १५ मे १९३१ रोजी निघाले होते. मूठभरांच्या हाती एकवटलेल्या आर्थिक सत्तेवर त्यात कडक टीका आहे आणि तीच रूझवेल्ट यांना उपयोगी पडली. परंतु त्याच परिपत्रकात आणखी एक तत्त्व मांडले आहे. लहान समूहाला जे काम स्वतः करता येते ते मोठ्या समूहाने त्याच्याकडून काढून घेणे हा अन्याय आहे. कुटुंबाला जमते ते गावाने घेऊ नये, गावाला जमते ते राज्याने घेऊ नये. वरच्याने खालच्याला हात द्यावा, त्याची जागा बळकावू नये. यालाच पूरकतेचे तत्त्व म्हणतात. रूझवेल्ट यांच्या राज्यात लवकरच या तत्त्वाची कसोटी लागली.

१२ मे १९३३ रोजी त्यांनी आणीबाणी मदत कायद्यावर स्वाक्षरी केली. रक्कम ५० कोटी डॉलर, आणि ती कर्ज नव्हे, अनुदान. त्यातील निम्म्या रकमेसाठी अट अशी की, राज्याने व गावाने मिळून तीन डॉलर खर्च केले तर केंद्र सरकार एक डॉलर देईल. उरलेली निम्मी रक्कम ज्या राज्यांना तेवढेही शक्य नाही त्यांच्यासाठी प्रमुखाच्या विवेकावर सोडली होती. हे प्रमुख म्हणजे हॅरी हॉपकिन्स. २२ मे रोजी त्यांनी कामाला हात घातला आणि पहिल्या दोन तासांत पन्नास लाखांहून अधिक डॉलर राज्यांना पाठवून दिले, ही हकीकत प्रसिद्ध आहे.

एका महिन्याने, २३ जून १९३३ रोजी, हॉपकिन्स यांनी नियम क्रमांक एक जारी केला. सार्वजनिक पैसा सार्वजनिक यंत्रणेनेच वाटला पाहिजे. १ ऑगस्टपासून कोणत्याही खाजगी धर्मादाय संस्थेला, मग ती चर्चची असो वा अन्य कोणाची, या निधीतून गरिबांना मदत वाटता येणार नाही. तोपर्यंत अनेक शहरांत पालिका आपला मदतनिधी अशाच संस्थांच्या हाती देत असे, कारण घरोघर जाणारी माणसे त्यांच्यापाशीच होती. एका परिपत्रकाने तो सारा व्यवहार थांबला.

हॉपकिन्स धर्मादाय संस्थांचे वैरी होते, अशी कोणाची कल्पना होईल. वस्तुस्थिती उलट आहे. त्यांची उमेदीची बरीच वर्षे न्यूयॉर्कमधील अशाच संस्थांत गेली होती आणि त्यामुळे त्या संस्था आतून कशा चालतात हे त्यांना पुरते ठाऊक होते. मदत मागणाऱ्याच्या घराची झडती कशी होते, पैसे न देता वाण्याच्या नावे चिठ्ठी देऊन त्याला दुकानात कसे लाजविले जाते, कोण 'लायक गरीब' आणि कोण 'नालायक' हे कोणी एक सुखवस्तू बाई कशी ठरविते, हे त्यांनी पाहिले होते. लाखो माणसे आपल्या दोषाने बेकार झालेली नाहीत. तेव्हा त्यांना मिळते ती भीक नव्हे, नागरिकाचा हक्क आहे, आणि हक्क नागरिकाला सरकारी मेजावरच मिळाला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. शिवाय सार्वजनिक पैशाचा हिशेब सार्वजनिक अधिकाऱ्याकडूनच मागता येतो.

कॅथॉलिक संस्थांना हा घाव वर्मी लागला. त्यांची राष्ट्रीय परिषद १९१० साली वॉशिंग्टनच्या कॅथॉलिक विद्यापीठात स्थापन झाली होती आणि मोन्सिन्योर जॉन ओ'ग्रेडी तिचे चिटणीस होते. भुकेल्याला अन्न देणे हे मंडळाचे जोडकाम नव्हे, ते ख्रिस्तसभेच्या श्वासोच्छ्वासासारखे आहे. ते सरकारने एकट्याकडे घेतले तर ख्रिस्ती माणसाच्या हातून दयाकृत्यच सुटून जाईल, ही त्यांची भीती. दुसरी भीती अधिक व्यावहारिक होती. अनाथ मुले, कुमारी माता, मोडकळीस आलेली कुटुंबे यांच्या संगोपनात श्रद्धेचा प्रश्न गुंतलेला असतो. तेथे कोणताही धर्म न पाहणारा सरकारी सेवक गेला तर त्या मुलाच्या श्रद्धेचे काय होईल?

नियमाला एक फट होती. खाजगी संस्थेचा सेवक सार्वजनिक अधिकाऱ्याच्या हुकमतीखाली आला, त्या यंत्रणेचा सेवक म्हणून नेमला गेला, तर तो तेच काम करू शकत असे. शिकागोचे कार्डिनल जॉर्ज मंडेलाइन यांनी ही फट हेरली. त्यांचे रूझवेल्ट यांच्याशी सख्य होते. शिकागोतील कॅथॉलिक मदतकेंद्रे काही काळ सरकारी यंत्रणेचा एक घटक म्हणून चालू राहिली. माणसे तीच, मेजे तीच, संत विन्सेंट डी पॉल सोसायटीचा अनुभवही तोच, पण हिशेबाची वही सरकारी. इतर बहुतेक धर्मप्रांतांत असे काही झाले नाही. तेथील प्रशिक्षित समाजसेवक सरकारी नोकरीत गेले, कारण तेथे पगार होता. संस्थांकडे बालसंगोपन, कुटुंबांना सल्ला आणि सरकारी नियमात न बसणारी माणसे राहिली.

४ ऑक्टोबर १९३३ रोजी न्यूयॉर्क येथे कॅथॉलिक धर्मादाय परिषदेपुढे स्वतः राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट बोलावयास आले. केंद्र सरकारने मदतीचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले असले तरी सारे काम ते अंगावर घेऊ शकत नाही व तसा त्याचा इरादाही नाही; प्रत्येक गावाने व राज्याने आधी आपला वाटा उचलला पाहिजे, असे त्यांनी सांगितले. जखमेवर फुंकर घालणारे भाषण होते ते. नियम क्रमांक एक मात्र होता तेथेच राहिला.

आणि नियम चुकला होता काय? आमचे मत वाचकांना कदाचित रुचणार नाही. तो बव्हंशी बरोबर होता, असे आम्हांला वाटते. त्या निधीतून दोनअडीच वर्षांत तीनशे कोटींहून अधिक डॉलर वाटले गेले. १९३३-३४ च्या हिवाळ्यात त्याच हॉपकिन्स यांनी चाळीस लाखांहून अधिक माणसांना काही आठवड्यांत रोजगारावर लावले. एवढे मोठे काम कोणत्याही धर्मप्रांताच्या आवाक्यातील नव्हते. ज्या माणसाचे कोणत्याच चर्चच्या यादीत नाव नाही, त्याला तर धर्मादाय संस्थांच्या जगात दारच नव्हते. पूरकतेचे तत्त्व दोन्ही बाजूंनी वाचावयाचे असते. लहानाला जमते ते मोठ्याने घेऊ नये हे खरे, परंतु लहानाला जमत नाही ते मोठ्याने घेतलेच पाहिजे, हेही तेच तत्त्व सांगते. आपण धर्मगुरू मंडळी पहिले वाक्य मोठ्याने वाचतो.

योगायोग असा की, त्या कायद्यावर सही होण्याच्या अकराच दिवस आधी, १ मे १९३३ रोजी, न्यूयॉर्कच्या युनियन चौकात डोरोथी डे नावाची एक धर्मांतरित स्त्री एका पेनीला एक या दराने 'द कॅथॉलिक वर्कर' नावाचे वृत्तपत्र विकीत उभी होती. पीटर मोरीन या फ्रेंच शेतकरीपुत्राच्या साहाय्याने तिने भुकेल्यांसाठी अतिथिगृहे काढली. तेथे सरकारी पैसा घेतला जात नसे. करात सवलत मिळविण्यासाठी नोंदणीही नव्हती. दयेला सरकारचा परवाना कशाला, असा तिचा सवाल. पुढे न्यूयॉर्क शहराने भुयारी रेल्वेसाठी त्यांचे घर ताब्यात घेतले. भरपाई मिळाली, पण उशिरा, म्हणून तीवर व्याजही मिळाले. १९६० साली डोरोथी डे यांनी ते साडेतीन हजार डॉलरांहून अधिक व्याज शहराच्या खजिनदाराला परत पाठविले. पैशाने पैसा वाढवावा हे आम्हांला मान्य नाही, असे पत्रात कळविले. मुद्दल मात्र त्यांनी ठेवून घेतले, कारण भुकेल्यांना छप्पर हवे होते. सन २००० मध्ये त्यांना संतपदाच्या वाटेवरील 'देवाची सेविका' ही पदवी मिळाली. मास्तरांना आम्ही ही हकीकत सांगितली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. ''बघा!'' एवढेच ते म्हणाले.

१९३३ ची भिंत पुढे हळूहळू खचत गेली. तीस वर्षांनी, १९६४ च्या दारिद्र्यविरोधी कायद्यात, सरकारनेच खाजगी संस्थांना हाताशी धरले. १९८३ च्या मंदीत एक रोजगार कायदा झाला आणि त्यातून अन्न व निवारा यांसाठी एक निधी निघाला. त्याचे वाटप ठरविणाऱ्या राष्ट्रीय मंडळावर रेड क्रॉस, सॅल्व्हेशन आर्मी, ज्यू व प्रॉटेस्टंट संस्था यांच्या बरोबरीने कॅथॉलिक धर्मादाय संघटनेलाही जागा मिळाली. गावोगावच्या मंडळांनी आपापल्या गावचा निर्णय करावयाचा. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांना दाराबाहेर काढले होते, ते आता मेजाभोवती बसले.

हाच अमेरिकी सरकारी साठा आपल्याकडेही पोहोचला होता हे ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. १९५४ च्या पी.एल. ४८० या कायद्याखाली तेथील शिलकी धान्य व दुधाची भुकटी कॅथॉलिक रिलीफ सर्व्हिसेसमार्फत भारतातील अनेक धर्मप्रांतांत आली. त्या भुकटीपायी काही ठिकाणी ख्रिस्ती लोकांना जे टोमणे ऐकावे लागले तेही आठवत असतील. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्र सरकारने मात्र वेगळी वाट धरली. रोजगार हमीच्या कामावर सरकारी खात्यानेच मजूर लावावेत, ठेकेदार नको, असे ठरले. पुढे १९७७ साली वि. स. पागे यांच्या कल्पनेचा कायदा झाला. हॉपकिन्स यांच्या नियमाचाच हा एक चुलतभाऊ म्हणता येईल. दुष्काळी कामांवर सुकडी खाल्लेली माणसे आजही भेटतात, आणि ती चव सांगताना त्यांच्या स्वरात लाज नसते.

आता २००९ कडे येऊ, कारण आमच्या विधवा भगिनीच्या पिशवीशी या प्रकरणाचे जवळचे नाते आहे.

२००८ च्या आर्थिक कोसळीनंतर राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी १७ फेब्रुवारी २००९ रोजी पुनरुज्जीवन कायद्यावर सही केली. त्या वेळचा अंदाज ७८,७०० कोटी डॉलरचा. करसवलती, राज्यांना मदत, रस्ते, शाळा हे त्यातील मोठे भाग. पण सेवाभावी संस्था ज्यात काम करतात असेही कितीतरी भाग त्यात होते. गरिबांची घरे थंडीपासून बंदिस्त करण्यासाठी ५०० कोटी, बेघर होऊ पाहणाऱ्यांचे भाडे भरण्यासाठी १५० कोटी, दारिद्र्यनिवारण करणाऱ्या स्थानिक संस्थांसाठी १०० कोटी, वर सांगितलेल्या अन्न व निवारा निधीत १० कोटी. आकडे ऐकून गावोगावच्या लहान संस्थांचे कान टवकारले. मग प्रश्न आला तो आमच्या कार्यालयात आला तोच: हे पैसे आहेत कोठे?

ते एका जागी नव्हतेच. बहुतेक रक्कम आधी घटक राज्याकडे, तेथून जिल्ह्याकडे वा शहराकडे, आणि तेथून संस्थेकडे अशी पाटाच्या पाण्यासारखी यावयाची होती. आपल्याकडे वाडीत पाणी सोडताना पहिल्या वाफ्याला भरपूर आणि शेवटच्याला ओल, असेच काहीसे. जी संस्था आधीपासून सरकारशी करारात होती, तिला कोणत्या पाटावर उभे राहावयाचे हे माहीत होते. नवख्या संस्थेला आधी एक नोंदणी क्रमांक घ्यावा लागे, मग केंद्रीय नोंदवहीत नाव घालावे लागे, मग संगणकावरील अर्जपेठेत आपल्याला लागू पडणारी सूचना शोधावी लागे. यात आठवडे जात, आणि सूचनेची मुदत काही वेळा तेवढीच असे.

पैसा मिळाला तरी प्रकरण संपत नसे. प्रत्येक तिमाही संपल्यापासून दहा दिवसांच्या आत अहवाल देणे बंधनकारक होते: किती खर्च झाला, कशावर, किती नोकऱ्या निर्माण झाल्या वा टिकल्या. हे अहवाल सार्वजनिक संकेतस्थळावर कोणालाही पाहता येत. अर्ल डिव्हेनी हे अनुभवी तपास अधिकारी देखरेख मंडळाचे प्रमुख होते. एवढ्या मोठ्या रकमेच्या मानाने अफरातफर फारच थोडी झाली, आणि त्याचे श्रेय या उघडेपणाला दिले पाहिजे. परंतु ज्या संस्थेत एकच बाई स्वयंपाकही करते आणि जमाखर्चही लिहिते, तिला दर तीन महिन्यांनी दहा दिवसांची परीक्षा द्यावी लागली. घरे बंदिस्त करण्याच्या योजनेत तर मजुरीचा दर कायद्याप्रमाणे कोणता, हे निश्चित होईपर्यंत अनेक ठिकाणी पहिल्या वर्षी काम रेंगाळले. थंडी नियमांसाठी थांबत नाही.

सरकारी करारांची आणखी एक रीत लहान संस्थांना जड जाते. पुष्कळदा आधी खर्च करावयाचा आणि मागाहून तो सरकारकडून वसूल करावयाचा असतो. अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सेवाभावी संस्थांनी हीच गाऱ्हाणी मांडली: पैसे उशिरा येतात, अर्ज किचकट असतात, आणि मिळणारी रक्कम प्रत्यक्ष खर्चाला पुरत नाही. गरिबांना मदत करण्यासाठी संस्थेजवळ आधी श्रीमंती हवी, असा याचा अर्थ होतो.

कायदा करणाऱ्यांना ही अडचण ठाऊक नव्हती असे नाही. त्या कायद्यातच 'समुदाय सबलीकरण निधी' नावाची एक छोटी तरतूद होती. मोठ्या, अनुभवी संस्थांनी आणि स्थानिक सरकारांनी लहान धार्मिक व सामाजिक संस्थांना अर्ज कसा करावा, हिशेब कसा ठेवावा, निधी कोठे शोधावा हे शिकवावे, यासाठी ती होती. सरकारी पैसा कसा मिळवावा हे शिकविण्यासाठी सरकारनेच पैसा दिला! कल्पना आम्हांला मनापासून आवडली. रक्कम किती? ५ कोटी डॉलर. म्हणजे सबंध कायद्याच्या पंधरा हजार भागांपैकी एका भागाहूनही कमी. पाट बांधावयास कोट्यवधी, आणि शेवटच्या वाफ्यापर्यंत दांड ओढणाऱ्याला एक नाणे.

२०२० च्या महामारीत गोष्टी आणखी पुढे गेल्या. २७ मार्च रोजी झालेल्या कायद्यात लहान उद्योगांना आपल्या नोकरांचे पगार चालू ठेवण्यासाठी कर्ज, आणि पगारावर खर्च केल्यास ते माफ, अशी योजना होती. सेवाभावी संस्थांना तीत प्रवेश मिळाला, इतकेच नव्हे तर चर्चनाही. एरवी धर्मशिक्षण हेच मुख्य कार्य असलेल्या संस्थांना उद्योगांची सरकारी कर्जे देऊ नयेत असा नियम होता. तो या वेळी बाजूला ठेवण्यात आला. १९३३ साली चर्चच्या हातून गरिबाला सरकारी डॉलर देता येत नव्हता. २०२० साली खुद्द धर्मगुरूचा पगार सरकारी डॉलरातून देता येऊ लागला.

पहिल्या खेपेचे ३४,९०० कोटी डॉलर ३ एप्रिलला खुले झाले आणि १६ एप्रिलला संपले. पैसे बँकांमार्फत वाटले जात होते, आणि ज्याचे बँकेशी जुने नाते त्याचा अर्ज आधी पुढे सरकला. सुमारे आठवडाभराने काँग्रेसने आणखी रक्कम घातली, तेव्हा मागे राहिलेल्यांना वाव मिळाला. जुलैमध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने हिशेब मांडला की, कॅथॉलिक संस्थांना मिळून किमान १४० कोटी डॉलर मिळाले असावेत. गदारोळ झाला. बिशपांचे उत्तर असे की, हे पैसे वेदीवरच्या मेणबत्त्यांसाठी नव्हते. धर्मग्रामांच्या शाळांतील शिक्षक, कार्यालयातील लेखनिक, सफाई कामगार, धर्मादाय केंद्रांतील सेवक यांच्या घरी चूल पेटावी म्हणून होते. हे उत्तर खरे आहे. पण ज्या धर्मप्रांतांकडे लेखापाल आणि वकील होते त्यांचे अर्ज वेळेत गेले, आणि एखाद्या गरीब वस्तीतील छोट्या मंडळीचा पास्टर बँकेच्या दूरध्वनीवर ताटकळत राहिला, हेही नाकारता येत नाही.

बँकेशी नाते नसलेल्याचे काय होते हे वसईकरांना शिकवावयास नको. १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी पापडी येथे आपली सहकारी पतसंस्था काढली ती सावकाराच्या दाराशी ताटकळणाऱ्या वाडीवाल्यासाठीच. तिची पुढे बँक झाली. धर्मगुरूने कर्जाचे कागद हाताळावेत काय, हा वाद तेव्हाही झाला असेल.

हा सारा इतिहास आम्ही मास्तरांना, दोन-तीन बैठकांत, तुकड्यातुकड्यांनी सांगितला. त्यांनी फादर कॉक्स यांच्याविषयी पुष्कळ विचारले, हॉपकिन्स यांच्याविषयी काहीच नाही. शेवटी म्हणाले, ''मी घरी जाईन, फादर. पण पेन माझ्या हातात देऊ नका.'' संत विन्सेंट डी पॉल सोसायटी १८३३ मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने व त्याच्या मित्रांनी सुरू केली, तेव्हा त्यांचा नियमच होता की गरिबाच्या घरी स्वतः जावे. मास्तर त्या नियमाला धरून होते.

तशी वाटणी झाली. रविवारी मिस्सेनंतर मास्तर आणि आणखी एक गृहस्थ घरोघर जात. कोणाच्या घरी मृत्यू झाला, कोणाचा अर्ज राहिला, कोण संकोचाने बोलत नाही, हे त्यांनी हुडकावे. शनिवारी संध्याकाळी धर्मग्रामाच्या सभागृहात वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या दोन मुली आणि तो उसळलेला तरुण संगणक घेऊन बसत. धर्मग्रामातील बारा कुटुंबांचे अर्ज त्यांनी भरले. शेजारच्या पाड्यावरची, आपल्या धर्माची नसलेली, पाच कुटुंबेही आली. दोन अर्ज परत आले, कारण तपासणीचा अहवाल सापडला नव्हता. त्या दोन घरी मास्तर पाकीट घेऊन गेले.

विधवा भगिनीचे पैसे सहा महिन्यांनी तिच्या खात्यात जमा झाले. ती पेढे घेऊन आली, आणि जाताना चर्चच्या दाराशी थांबून गरिबांच्या पेटीत तिने एक घडी केलेली नोट टाकली. किती रुपयांची, ते आम्ही पाहिले नाही. तिची प्लास्टिकची पिशवी मात्र अजून कार्यालयाच्या कपाटात आहे. मूळ कागद परत नेण्यास सांगितले तर म्हणाली, ''राहू द्या, फादर. पुन्हा कुणाला दाखवायला लागतील.''